सुंभ, पीळ आणि रडतखडत जाणारी फाइल

नेटवर्क पार बंद पडलं तर शोधायला सोपं असतं. दिवा लागत नाही, पिंगला उत्तर येत नाही, कुठेतरी वायर निघालेली असते किंवा उंदराने कुरतडलेली असते. खरा वैताग आणतं ते चालू असलेलं पण रडतखडत चालणारं नेटवर्क. दिवा हिरवा, पिंगला उत्तर येतंय, दुसऱ्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर दिसतंय, वर्डची छोटी फाइल झटकन उघडतेय.. आणि मोठा व्हिडिओ कॉपी करायला घेतला की विंडोज सांगतं, १२ तास बाकी. पाच मिनिटांनी ३ तास. मग एकदम १ दिवस.

अशा वेळी घरात जी पंचायत बसते तिचे निकाल ठरलेले असतात. व्हायरस आला असेल. रॅम कमी पडत असेल. कॉम्प्युटर जुना झाला, नवीन घ्या. (हा निकाल देणारा बहुतेक वेळा नवीन कॉम्प्युटर विकणाराच असतो, असो.) वायरचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, कारण वायरीबद्दल आपल्या डोक्यात दोनच अवस्था असतात, जोडलेली आणि तुटलेली. विजेच्या बल्बने लावलेली ही सवय आहे. बल्ब एक तर लागतो किंवा लागत नाही.

नेटवर्कची वायर तशी नसते. ती अर्धवट चालू शकते, आणि अर्धवट चालत असताना 'मी ठणठणीत आहे' असं खोटंही सांगू शकते. असं का होतं हे कळायला तिचा इतिहास बघावा लागतो, आणि तो कॉम्प्युटरपेक्षा बराच जुना आहे. मला तो काळाचौकीतल्या एका गाळ्यात प्रत्यक्ष बघायला मिळाला. पण तिथे पोचायच्या आधी जरा लांबून, म्हणजे १८८१ सालाहून यायला लागेल.

*

टेलिफोन आला १८७६ साली. त्याच्याआधी तारायंत्र होतं आणि तारायंत्राला एकच तार पुरायची. परतीचा रस्ता म्हणून जमिनीचा वापर करायचे, दोन्ही टोकांना तार मातीत गाडली की काम झालं. टेलिफोनवाल्यांनीही तेच उचललं. पण तारायंत्र म्हणजे ठक-ठक. त्याला थोडीफार खरखर चालून जाते. टेलिफोनचा कान नाजूक. शेजारच्या तारेतली ठक-ठक त्यात ऐकू यायची, दुसऱ्या कोणाचं बोलणं यायचं, आणि पुढे शहरांत विजेचे दिवे आणि विजेच्या ट्राम आल्यावर तर नुसती घरघर.

पहिला उपाय म्हणजे जमीन सोडून द्यायची आणि दोन तारा वापरायच्या, एक जाणारी आणि एक येणारी. त्याने फरक पडतो, पण पूर्ण नाही. दोन तारा समांतर नेल्या तर बाहेरच्या गोंगाटाला एक तार जरा जवळची पडते आणि दुसरी जरा लांबची. जवळचीत गोंगाट जास्त शिरतो आणि तेवढा फरक कानात ऐकू येतो.

यावर खुद्द अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने जो उपाय काढला त्याचं पेटंट जुलै १८८१ चं आहे. दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ द्यायचा. बस्स. पीळ दिला की थोड्या अंतरावर ही तार गोंगाटाच्या जवळ असते, पुढच्या थोड्या अंतरावर ती. दोघींच्या वाट्याला गोंगाट सारखाच येतो. पलीकडच्या टोकाला फक्त दोघींमधला फरक मोजायचा. गोंगाट दोघींत सारखा असल्यामुळे वजाबाकीत उडून जातो आणि उरतं ते बोलणं.

आता गिरणगावात पीळ म्हणजे काय हे कोणाला शिकवायला लागू नये. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या निम्म्या लोकांनी स्पिनिंग खात्यात आयुष्य काढलं. कापसाच्या तंतूंना पीळ दिला नाही तर सूत होत नाही, नुसता पिंजलेला कापूस राहतो. पीळ किती द्यायचा यावर सुताची ताकद ठरते. वायरीतला पीळ मात्र ताकदीसाठी नसतो, शांततेसाठी असतो. तो काढून टाकला तरी तांब्यातून वीज तेवढीच वाहते, वायर तेवढीच जोडलेली राहते. फक्त शांतता जाते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*

बेलच्या पेटंटनंतर वर्षभराच्या आत टेलिफोन आपल्याकडे आला. १८८२ साली ओरिएंटल टेलिफोन कंपनीने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही शहरांत एक्सचेंज सुरू केली. आता शंभर वर्षं एका उडीत पार करतो, कारण त्या काळात पीळ दिलेल्या तांब्याच्या जोडीत मूलभूत असं फारसं बदललंच नाही. जोड्या वाढल्या, शिशाच्या आवरणातून रस्त्याखाली गेल्या, शेकड्यांनी एकत्र बांधल्या गेल्या, पण एका घराला एक जोडी हे गणित तेच राहिलं.

१ एप्रिल १९८६ ला मुंबई आणि दिल्लीसाठी एमटीएनएल झाली. तेव्हाही फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायला लागायचं. चाळीत एखाद्याच घरी फोन, आणि बाकीच्या बिऱ्हाडांनी लग्नपत्रिकेवर आणि नोकरीच्या अर्जावर तोच नंबर पुढे 'पीपी' लिहून द्यायचा. हे मी घरच्यांकडून इतक्यांदा ऐकलंय की मला स्वतःला आठवतंय असं वाटतं. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेही याच तांब्याच्या जोडीवरून, मॉडेमच्या किंकाळ्यांसकट. २००५ च्या सुमारास एमटीएनएलचं ब्रॉडबँड आलं तेही त्याच जोडीवर. बेलची पिळाची आयडिया सव्वाशे वर्षं पोट भरत होती.

कॉम्प्युटर नेटवर्कवाल्यांना मात्र सुरुवातीला टेलिफोनची वायर नकोच होती.

२२ मे १९७३ ला बॉब मेटकाफने झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात एक टिपण लिहिलं, आणि इथरनेटचा जन्म तिथून धरतात. डेव्हिड बॉग्जबरोबर त्याने जे पहिलं नेटवर्क उभं केलं त्याचा वेग होता २.९४ एमबीपीएस. वायर होती कोअॅक्सिअल, म्हणजे आपल्या केबलवाल्याच्या वायरीची चुलत बहीण. मधे एक तार, भोवती जाळी. जाळी गोंगाट बाहेर ठेवते, त्यामुळे पिळाची गरज नाही. एकच जाड केबल सगळ्या ऑफिसभर फिरवायची आणि प्रत्येक कॉम्प्युटरने तिला टोचून कनेक्शन घ्यायचं. चाळीच्या सामायिक नळासारखं. एका वेळी एकानेच भरायचं, दोघांनी एकदम बादली लावली तर दोघांनीही मागे सरायचं आणि मनाला येईल तेवढं थांबून परत यायचं. (नळावर यातलं मागे सरणं सोडून सगळं होतं.)

कल्पना झकास होती, पण केबलला एका ठिकाणी दुखापत झाली की सगळं ऑफिस बंद. शिवाय ही जाड केबल प्रत्येक इमारतीत नव्याने टाकायची. १९८० च्या दशकात कोणाच्या तरी लक्षात आलं की ऑफिसात टेबलाटेबलापर्यंत वायर आधीच पोचलेली आहे, टेलिफोनची! एटी अँड टीने १ एमबीपीएसचं स्टारलॅन आणलं. झेरॉक्समधून बाहेर पडलेल्या लोकांच्या सिनॉप्टिक्स कंपनीने पिळाच्या जोडीवर १० एमबीपीएस चालवून दाखवलं. आणि १९९० मध्ये त्याचं रीतसर स्टँडर्ड झालं, टेन-बेस-टी. यातला 'टी' म्हणजे ट्विस्टेड, पिळाचा. इथरनेट टेलिफोनच्या घरी राहायला आलं ते कायमचं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते इथे अक्षरशः खरं आहे. टेलिफोन घराघरांतून जवळजवळ गेला, पण त्याच्या सवयी नेटवर्कच्या वायरीत राहिल्या. कॅट-५ केबल १०० मीटरच्या पुढे नेऊ नका असं सांगतात ना? तो आकडाही ऑफिसातल्या टेलिफोन वायरिंगवरूनच आलाय. बहुतेक टेबलं टेलिफोनच्या कपाटापासून तेवढ्याच अंतरात असायची.

पण सगळ्यात मजेशीर सवय आहे ती टोकाच्या त्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या कनेक्टरमध्ये, ज्याला सगळे आरजे-४५ म्हणतात. त्यात आठ पिना, चार जोड्या. कोणीही शहाणा माणूस त्या कशा लावेल? १-२, ३-४, ५-६, ७-८. पण तशा लावायच्या नसतात. टेलिफोनच्या जॅकमध्ये पहिली लाइन मधोमध असायची आणि दुसरी लाइन तिच्या दोन बाजूंना, लिंबाच्या चकतीसारखी आतून बाहेर. एक लाइनवाला फोन मोठ्या जॅकमध्ये घातला तरी चालावा म्हणून. आठ पिनांचा जॅक आला तेव्हा ही पद्धत आतल्या दोन जोड्यांपुरती ठेवली. ४-५ ही पहिली जोडी, ३-६ दुसरी. बाहेरच्या दोन मात्र १-२ आणि ७-८ अशा शेजारी-शेजारी घेतल्या. इथरनेटने मधली ४-५ सोडून दिली, कारण त्यावर टेलिफोन असू शकतो आणि टेलिफोनची घंटा वाजते तेव्हा तारेत बऱ्यापैकी व्होल्टेज येतं. मग उरल्या १-२ आणि ३-६. शंभर एमबीपीएसपर्यंतचं आपलं सगळं घरगुती नेटवर्क या दोन जोड्यांवर चालतं, एक बोलायला, एक ऐकायला.

म्हणजे योग्य पद्धतीने लावलेला कनेक्टर नीट बघितला तर हिरव्याची जोडी फुटलेली दिसते, मधे निळी जोडी घुसलेली. बघताना कोणालाही वाटेल की लावणाऱ्याचं चुकलंय.

*

आता काळाचौकी. माझे एक मामा लग्नाचं आणि मंडळांच्या कार्यक्रमांचं व्हिडिओ शूटिंग करतात. एडिटिंगचा गाळा तळमजल्यावर, घर त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. पावसाळ्यात गाळ्यात पाणी शिरतं म्हणून साठवणीचा जुना कॉम्प्युटर वर घरात ठेवलेला. त्यात वीस-बावीस वर्षांचं सगळं आहे. जुन्या व्हीएचएस कॅसेटींवरून उतरवलेल्या मिरवणुका, बारशी, साखरपुडे. त्यातली कितीतरी माणसं आता नाहीत, आणि अधूनमधून कोणीतरी गाळ्यावर येतं, आमच्या आईचं त्यात काही सापडेल का म्हणून विचारायला. वायफाय तीन स्लॅब फोडून खाली येत नाही, म्हणून डक्टमधून साधारण ४० मीटरची कॅट-५ वायर टाकून घेतली होती, बाहेरच्या एका वायरमनकडून.

वायर टाकल्यापासून वरून खाली फाइल आणायची म्हणजे शिक्षा. ४० जीबीचं एक लग्न उतरवायला बारा तास. मामांनी शेवटी पोर्टेबल डिस्क घेऊन जिने चढणं पत्करलं होतं, पण दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिलेला. एका दुकानदाराने येऊन बघितलं, वायरीला टेस्टर लावला, आठही दिवे ओळीने लागले. वायर ओके आहे, वरचं मशीन मरायला टेकलंय, नवीन घ्या. कोटेशन पन्नास हजारांच्या वर. मामींच्या भिशीचे पैसे त्यासाठी बाजूला काढून झाले होते.

मी गेलो तो रविवारी जेवायला. जेवण व्हायला वेळ होता म्हणून बसलो.

असल्या केसमध्ये पहिलं काम म्हणजे हार्डडिस्कला प्रश्नातून बाहेर काढायचं. फाइल कॉपी होते तेव्हा दोन डिस्क, दोन ऑपरेटिंग सिस्टिम, विंडोजची फाइल शेअरिंगची पद्धत आणि वायर असे सगळे एकत्र नाचत असतात, कोण चुकतंय कळत नाही. आयपर्फ नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम आहे, तो एका मशीनच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत नुसता कचरा पाठवतो आणि वेग सांगतो. खालून वर ९४ एमबीपीएस. म्हणजे शंभरच्या वायरीवर मिळायला हवा तेवढा. वरून खाली ७. ना डिस्क, ना व्हायरस, तरीही ७.

एकाच वायरीत, एका दिशेने ९४ आणि दुसऱ्या दिशेने ७! इथेच निम्मी केस सुटली. जुनं मशीन मरायला टेकलेलं असतं तर ते असं एकाच बाजूने मेलं नसतं. खालच्या मशीनचा एरर काउंटर बघितला, प्रत्येक कॉपीबरोबर भराभर वाढत होता. मग टेबलाखाली वाकून कनेक्टर बघितला.

नारिंगी पट्टा, नारिंगी, हिरवा पट्टा, हिरवा, निळा पट्टा, निळा, तपकिरी पट्टा, तपकिरी. चारही जोड्या शिस्तीत शेजारी-शेजारी. इतकं नीटनेटकं की फोटो काढावा. वरच्या टोकालाही अगदी तसंच.

आणि म्हणूनच चुकीचं. या पद्धतीत तिसऱ्या पिनवर हिरवा पट्टा येतो आणि सहाव्या पिनवर निळा. कॉम्प्युटर त्यांना एक जोडी समजून ऐकतोय, पण पीळ त्यांचा एकमेकींशी नाहीच. हिरव्या पट्ट्याचा पीळ चौथ्या पिनवरच्या हिरव्याशी, निळ्याचा पाचव्यावरच्या निळ्या पट्ट्याशी. तांबं सलग, पिना बरोबर, टेस्टरचे आठही दिवे लागणार. टेस्टर फक्त विचारतो, या टोकाची एक नंबरची तार त्या टोकाला एक नंबरलाच निघते का? पिळाबद्दल तो काही विचारत नाही. १८८१ च्या आधीच्या दोन समांतर तारा आणि या दोन तारा यांत फार फरक नाही. केबलमध्येच शेजारून १-२ वरून स्वतःच्या मशीनचं बोलणं चाललंय, ते या उघड्या जोडीत गळतंय, आणि वजाबाकी करून उडवायची सोय नाही.

त्या वायरमनला मी शिव्या देणार नाही. टेलिफोनच्या बोलण्याला ३४०० हर्ट्झपर्यंतची पट्टी पुरते, तिथे चाळीस मीटरमध्ये असलं काही जाणवत नाही. १० एमबीपीएसच्या जमान्यातही अशा वायरी बिनबोभाट चालून जायच्या. १९९५ मध्ये १०० एमबीपीएस आलं, त्यातला सिग्नल ३१.२५ मेगाहर्ट्झपर्यंत जातो. टेलिफोनच्या नऊ हजारपट. तिथे मात्र पिळाची उधारी चालत नाही. कॅट-५ मध्ये तर चार जोड्यांना पीळही मुद्दाम वेगवेगळ्या मापाचा दिलेला असतो, जोड्यांनी एकमेकींचं ऐकू नये म्हणून, आणि कनेक्टर लावताना जेमतेम १३ मिलिमीटर पीळ उलगडायची परवानगी असते.

*

पण एक प्रश्न उरतो. वायरीत थोडा गोंगाट शिरला तर वेग थोडा कमी व्हावा. ९४ चा ८० व्हावा. ७ का?

त्याचं उत्तर वायरीत नाही, ऑक्टोबर १९८६ मध्ये आहे. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यात अंतर ४०० यार्ड, म्हणजे साडेतीनशे-पावणेचारशे मीटर. आपल्याकडच्या चार-पाच इमारती. दोघांमधल्या इंटरनेटचा वेग एक दिवस सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. सेकंदाला पाच अक्षरं! फोर्टच्या फुटपाथवरचा टायपिस्ट यापेक्षा जोरात असायचा.

तिथल्या व्हॅन जेकबसनने कारण शोधलं. कोणतीही वायर तुटली नव्हती. गर्दी झाली होती. पोच आली नाही की प्रत्येक मशीन तेच पॅकेट परत पाठवायचं, त्याने गर्दी वाढायची, आणखी पोचा हरवायच्या, आणखी पॅकेटं परत. लोकलच्या दारात सगळ्यांनी एकदम रेटा दिल्यावर कोणीच आत जात नाही तसं. माइक कॅरल्सबरोबर त्याने जो उपाय काढला आणि १९८८ मध्ये जो पेपर लिहिला, त्यावर आजचं इंटरनेट उभं आहे. पॅकेट हरवलं की समजायचं पुढे गर्दी आहे, आणि आपला पाठवायचा वेग निम्मा करायचा. सगळं ठीक दिसलं की हळूहळू परत वाढवायचा. पोच फारच लांबली तर एका पॅकेटपासून पुन्हा सुरुवात.

या नियमाच्या पोटात एक गृहीतक आहे, आणि पेपरमध्ये ते उघड लिहिलेलंही आहे. पॅकेट वायरीत खराब होऊन हरवणं अगदी क्वचित होतं, एक टक्क्याहून खूपच कमी, त्यामुळे हरवलं म्हणजे गर्दीच. १९८८ साली हे बरोबर होतं. चांगल्या वायरीवर आजही बरोबर आहे.

मामांच्या वायरीत गर्दी कुठेच नव्हती. दोन मशीन, एक वायर, मधे एक छोटा स्विच, रविवारची दुपार. पण पॅकेटं हरवत होती, म्हणून वरचं मशीन सभ्यपणे निम्म्यावर येत होतं. परत वाढवायला जात होतं, परत हरवत होतं, परत निम्मं. मधेच पोच अजिबात न आल्यामुळे थांबून राहत होतं. लिनक्समध्ये हे थांबणं कमीत कमी २०० मिलिसेकंदांचं असतं. ऐकायला किती थोडं, पण तेवढ्यात १०० एमबीपीएसच्या वायरीतून अडीच एमबी निघून गेले असते. गोंगाटाने पॅकेटं थोडीशीच खाल्ली, बाकी सगळा वेग या सभ्यपणात गेला.

आणि पिंग का चालत होतं? पिंगचं पॅकेट चिमुकलं असतं, विंडोजवर ३२ बाइटचं. फाइलचं पॅकेट दीड हजार बाइटचं, म्हणजे १२,००० बिट, आणि त्यातला एक बिट बिघडला तरी इथरनेट अख्खं पॅकेट फेकून देतं. समजा दर दहा लाखांत एक बिट बिघडतोय. मोठं पॅकेट ऐंशीतलं एक मरणार. ६४ बाइटचं छोटं पॅकेट दोन हजारांतलं एक. चार पिंग मारून 'नेटवर्क चांगलंय' म्हणणारा माणूस, सायकल गेली म्हणजे पूल मजबूत आहे असं म्हणतोय. मोठा पिंग मारून बघावा, तोही शे-दोनशे वेळा आणि दोन्ही बाजूंनी.

*

कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन कनेक्टर आणले, क्रिम्पर मित्राचा मागून. दोन्ही टोकं कापली आणि पुन्हा लावली. नारिंगी पट्टा, नारिंगी, हिरवा पट्टा, निळा, निळा पट्टा, हिरवा, तपकिरी पट्टा, तपकिरी. दोन्ही दिशांना ९४. फाइल कॉपीला सेकंदाला ११ एमबी, म्हणजे ४० जीबीचं लग्न तासाभरात. मामांनी कनेक्टर उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "अरे, आधीचं जास्त सरळ दिसत होतं." खरंय ते. भिशीचे पैसे मामींनी त्याच संध्याकाळी परत ताब्यात घेतले.

सगळ्या रडतखडत चालणाऱ्या नेटवर्कांचं मूळ इथेच असतं असं मात्र समजू नका. वायफायवर असाल तर आधी तेच बघा. आपल्या भागात शिवडीच्या बीडीडी चाळींसारख्या १९२० च्या दशकातल्या काँक्रीटच्या भिंती आहेत, त्यांच्यापुढे राउटरच्या खोक्यावर छापलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. जुना स्विच असेल तर दोन टोकांचं 'एका वेळी एकाने बोलायचं की दोघांनी' यावर एकमत नसतं, त्यानेही मोठ्या फाइली अशाच मरतात. आणि वेग बरोबर ११ एमबीवर अडकला असेल तर तो बिघाडच नाही, तुमच्या वायरीची किंवा स्विचची ती शंभरची मर्यादा आहे.

त्या मर्यादेपलीकडे जायचं तर आठही तारा लागतात. १९९९ मध्ये तांब्यावर गिगाबिट आलं ते चारही जोड्या वापरतं, आणि प्रत्येक जोडीवर दोन्ही मशीन एकाच वेळी बोलतात. समोरच्याचं ऐकताना स्वतःचा आवाज वजा करायचा. एकाच जोडीवर दोन्हीकडून बोलायची ही युक्तीही टेलिफोनचीच, फक्त हजारो पट वेगाने. काही वायरमन एकाच केबलच्या आठ तारांत दोन घरांना कनेक्शन देतात, चार तारा तुम्हाला, चार शेजाऱ्याला. शंभरपर्यंत दोघंही खूश. दोघांपैकी कोणी गिगाबिटचा राउटर आणला की तो बिचारा शंभरवरच चालतो किंवा लागतच नाही, आणि शिव्या राउटरला.

मामांचं पुढचं मशीन येईल तेव्हा डक्टमधली केबल तीच राहील. तिच्या आठही तारा आता बरोबर जागी आहेत, त्यामुळे चाळीस मीटरला गिगाबिट सहज चालेल. तिकडे कारखान्यांसाठी २०१९ मध्ये इथरनेटचं एक नवं स्टँडर्ड आलंय. वेग फक्त १० एमबीपीएस, पण चार जोड्या नाहीत, दोनही नाहीत. पीळ दिलेली एकच जोडी, आणि अंतर एक किलोमीटरपर्यंत.